लाकडी घोडा, ओळंबा आणि बिघडलेली बैठक

घोड्यावरची बैठक सुधारायची म्हणून घरी सरावाचा लाकडी घोडा बांधला, त्या कामाच्या या नोंदी. आठवड्यातून एक-दोनदाच घोडा मिळतो, वय चाळिशीपुढचं आहे आणि बाकीचा दिवस खुर्चीत नाहीतर स्कूटरवर जातो, अशांच्या उपयोगाच्या. घोड्यावर अजून बसलेच नसाल तर हे वाचून काही बांधू नका. आधी मैदानावर उस्तादाच्या हाताखाली चार-सहा महिने काढा.

३ नोव्हेंबर

भाचीने मैदानावर बाजूने व्हिडिओ काढला. घोडी उभी असतानाचं चित्र थांबवून त्यावर उभी रेघ मारली. कान, खांदा, खुबा आणि टाच या रेघेवर यायला हव्यात. माझी टाच खुब्याच्या १६ सेंमी पुढे निघाली. (खोगिराच्या फ्लॅपची, म्हणजे बाजूला लोंबणाऱ्या चामडी पडद्याची, लांबी मोजलेली होती, त्यावरून हिशेब केला.) म्हणजे घोडी अलगद खालून काढून घेतली तर मी पायांवर उभा राहणार नाही, थेट पाठीवर पडेन.

"मामा, तू खुर्चीत बसलायस."

बरोबर बोलली. दुडकीत, म्हणजे ट्रॉटला, उठ-बस करताना मी प्रत्येक वेळी मागे राहतो, मग तोल सावरायला लगामाला लटकतो आणि घोडी तोंड वर करते. आमचे उस्ताद रिसाल्यातून, म्हणजे घोडदळातून, निवृत्त झालेले, सगळे त्यांना दफेदारसाहेब म्हणतात. ते ओरडतात, "एड़ी नीचे!" मी टाच जोर लावून खाली दाबतो, त्याबरोबर गुडघा ताठ होतो आणि पाय आणखी पुढे जातो. सूचना बरोबर आहे, पण माझ्या शरीराला ती कळत नाही.

४५ मिनिटांचे ७०० रुपये. त्यातली निम्मी वेळ मी हेच दुरुस्त करण्यात घालवतो आणि घोडीच्या पाठीला त्रास होतो तो वेगळाच. ठरवलं की बडोद्यात दांडियाबाजारच्या घरी मागच्या पडवीत न चालणारा घोडा बांधायचा.

९ नोव्हेंबर

मकरपुऱ्याला भंगारातून २०० लिटरचं लोखंडी पिंप आणलं, ९०० रुपये. इंटरनेटवर सगळे पिंपच वापरतात. आपल्याकडे एक सावधगिरी जास्त हवी. बडोद्याच्या भंगारातली बरीच पिंपं रसायनांच्या कारखान्यांतून येतात. आत काय होतं ते विचारा, लेबल बघा आणि अशा पिंपाला वेल्डिंग किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. आत उरलेल्या सॉल्व्हंटच्या वाफेचा स्फोट होतो. मी आतलं काही न कापता नुसतं सुताराच्या लाकडी घोडीवर (तिवईवर) आडवं ठेवलं.

बसलो आणि पाच मिनिटांत जांघा भरून आल्या. पिंपाचा व्यास ५८ सेंमी. शिवाय घोड्याच्या मानेमागे जो उंचवटा असतो तो पिंपाला नाही, त्यामुळे तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कितीही आवळला तरी खोगीर एका बाजूला फिरतं. रिकिबीत पाय घालून चढायला गेलो आणि खोगीर पोटाखाली गेलं. पिंप भंगारवाल्याने ६०० ला परत घेतलं.

१६ नोव्हेंबर

घोडीच्या पाठीचा साचा घ्यायचा ठरवलं. घोडी काठेवाडी, अंगाने सडपातळ. सपाट जमिनीवर चारही पाय सरळ करून उभी केली, भाची तोंडाशी थांबली. घरातल्या वायरिंगची उरलेली जाड एकेरी तांब्याची तार घेतली, मध्यावर दोरा बांधला, तो दोरा कण्यावर ठेवला आणि तार दोन्ही बाजूंनी दाबत खाली नेली. तीन ठिकाणी: मानेमागच्या उंचवट्याच्या जरा मागे, खोगिराच्या मध्यावर, आणि शेवटच्या बरगडीपाशी. प्रत्येक वेळी तार उचलून लगेच पुठ्ठ्यावर गिरवली.

घरी आल्यावर पहिला साचा संशयास्पद अरुंद वाटला. तार उचलताना टोकं आत ओढली जातात. म्हणून दुसऱ्या खेपेला कण्यापासून २० सेंमी खाली घोडीची रुंदी दोन फळ्यांमध्ये धरून मोजली आणि पुठ्ठ्यावरची रेघ त्या मापाला जुळवून घेतली. रुंदी ४३ सेंमी. पिंपाची त्याच खोलीवर ५५. जांघांचं कोडं सुटलं.

मोजताना घोडी वैतागली, एकदा मागचा पाय उचललान. पोटाखालची मापं घ्यायची गरज नसते, तिथे हात घालू नका.

२४ नोव्हेंबर

१८ मिमी प्लायच्या तीन बरगड्या जिगसॉने कापल्या. त्यांवर सागाच्या तुकड्यांच्या पट्ट्या जवळजवळ स्क्रूने बसवल्या, वर रंधा मारला. त्यावर फोम, मग नमदा (लोकरीचा जाड थर), मग ताडपत्री. फोम आधी ४० मिमीचा घातला होता. बसलं की आत रुततो आणि बसण्याची दोन हाडं कुठे टेकतात तेच कळेना. फाडून २० मिमीचा घातला. ही दोन हाडं लाकडावर नेमकी जाणवायला हवीत, सगळा खेळ तिथूनच चालतो.

खाली ४० बाय ४० च्या चौकोनी पाइपचा स्टँड, वेल्डरकडून. बसायची उंची मुद्दाम कमी ठेवली, रिकिबीतून पाय काढला की जवळजवळ जमिनीला लागतो. खऱ्या घोड्याइतकं उंच करायची हौस आवरा.

खोगीर जुनं घेतलं, ७,५०० रुपये, कानपूरचं. आपल्या देशातली बहुतेक खोगिरं तिकडूनच येतात.

१ डिसेंबर

तुळईला खिळा मारून गवंड्याचा ओळंबा सोडला, दोरी बरोबर खुब्यासमोर. कान, खांद्याचं टोक, खुबा आणि घोटा यांवर पिवळ्या टेपचे तुकडे. मोबाइल तिपाईवर.

पहिल्या दिवशीचे सगळे फोटो रद्द. मोबाइल जरा पुढच्या बाजूला होता, त्यामुळे प्रत्येक फोटोत टाच बरी दिसत होती आणि मी खूश होतो. आता फरशीवर खडूने रेघ मारली आहे. मोबाइल त्याच रेघेवर, घोड्यापासून चार मीटर लांब, खुब्याच्या उंचीला.

मग रिकिबी काढून नुसता बसलो. पाय आपोआप खाली लोंबले, टाच खुब्याखाली आली! रिकिबी लावल्या की पुन्हा पुढे. म्हणजे दोष नुसता माझ्या ढुंगणाचा नव्हता.

खोगिरात काचेची गोटी सोडली. ती मागे जाऊन मागच्या कडेपाशी थांबली. बसायची सर्वांत खोल जागा मधोमध हवी, इथे ती मागे सरकलेली होती. मागच्या गादीतली लोकर दबून चपटी झाली होती, त्यामुळे खोगीर मागे कललं होतं आणि मला तिथे ओढून नेत होतं. रिकीब जिथे अडकते तो खोगिराचा आकडा पुढेच राहिला. मधल्या अंतरात माझा पाय ताणला जायचा.

मैदानावरच्या खोगिरातही गोटी सोडून बघितली. तिथे कल कमी, पण आहे.

८ डिसेंबर

तबेल्याचं चामड्याचं काम करणारा कारागीर गाठला. त्याने मागची गादी उसवून नवी लोकर भरली, १,२०० रुपये. तोवर लाकडी घोड्यावर मी मागे नमद्याची घडी घालून काम चालवलं. लाकडाला चालतं. जिवंत घोड्यावर असल्या घड्या मनाने घालू नयेत, एका जागी दाब येऊन पाठीला जखम होते आणि ती आपल्याला खोगिराखाली दिसत नाही.

नुसत्या या दुरुस्तीने टाच १६ वरून ११ वर आली. मी काहीही शिकलो नव्हतो.

१५ डिसेंबर

डावी-उजवी बाजू. सामान तोलायचे दोन डिजिटल लोंबते काटे आणले आणि रिकिबीच्या पट्ट्यात अडकवले. डोळे मिटून आरामात बसलो, भाचीने आकडे वाचले. डावी रिकीब ६.१ किलो, उजवी १०.४.

साहजिकच मला वाटलं मी वाकडा बसतो. आठवडाभर डाव्या कुशीचे ताण दिले, आरशासमोर बसलो. आकडे ढिम्म हलेनात.

काट्याच्या लांबीमुळे चामडी पट्ट्यांची भोकं कमी पडत होती, म्हणून आज सामान बांधायचे नायलॉनचे पट्टे मोजून सारख्या लांबीचे कापून लावले. डावी ८.२, उजवी ९.०. लगेच चामडी पट्टे काढून एकाच खिळ्याला टांगले. दोन्ही आठव्या भोकात असताना डावा २ सेंमी लांब! घोड्यावर आपण कायम डाव्या बाजूने चढतो, सगळं वजन त्या पट्ट्यावर येतं आणि चामडं ताणतं. अनुभवी लोक पट्टे अधूनमधून डावे-उजवे बदलतात ते यासाठीच. भोकांचे आकडे मोजून "दोन्ही सारखे" म्हणू नका, पट्टे टांगून बघा.

२२ डिसेंबर

हालचाल आणायची होती. ट्रकची जुनी ट्यूब थोडी हवा भरून दोन प्लायच्या मध्ये ठेवली, वर अख्खा स्टँड. कल्पना चांगली, जागा चुकली. डोलण्याचा बिंदू जमिनीजवळ आणि मी मीटरभर वर, त्यामुळे ट्यूब बोटभर दबली की डोकं हातभर हलतं. स्टँडसकट आडवा झालो. गाद्या टाकल्या होत्या आणि हेल्मेट होतं. लाकडी घोड्यावरसुद्धा हेल्मेट घाला, घरचे हसले तरी.

२९ डिसेंबर

स्टँड जमिनीला पक्का केला आणि ट्यूब वर आणली, स्टँड आणि लाकडी पाठ यांच्या मध्ये. तिथे ट्रकची मावत नाही, ऑटोरिक्षाची घेतली. पहिली उघडीच ठेवली होती, ती एका कडेला फुग्यासारखी फुगून बाहेर आली. दुसरीला जुन्या कॅनव्हासची पट्टी गोल गुंडाळून शिवली. चार कोपऱ्यांत मध्यापासून २५ सेंमीवर रबरी बफर, मध्ये ३ सेंमी फट. म्हणजे सात अंशांच्या आसपासच कलतं. चारी बाजूंना सैल साखळ्या, उलटू नये म्हणून.

आता पाठ माझ्या खुब्याच्या जरा खालीच डोलते. पुढे-मागे, आजूबाजूला, तिरकी. चालत्या घोड्याची पूर्ण नक्कल नाही, पण तोल गेला की लगेच सांगते.

५ जानेवारी

आणि त्या डोलत्या पाठीने सांगितलं ते मला आवडलं नाही.

लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब केलेला. मांड्यांची पकड ही आमची शान. घोड्यावर पहिल्या दिवसापासून मी गुडघ्यांनी आवळून बसतो आणि मांड घट्ट आहे असं समजतो. डोलत्या पाठीवर आवळलं की तीन गोष्टी होतात. खालचा पाय मागे झुलतो, वरचं धड पुढे झुकतं आणि ढुंगण खोगिरातून वर उचललं जातं. गुडघा बिजागरी होतो. खांबावर पकड हवीच, कारण खांब हलत नाही आणि आपलं वजन खाली ओढलं जात असतं. घोड्यावर वजन आपोआप खालीच चाललेलं असतं, त्याला फक्त वाट द्यायची.

चाचणी: वर्तमानपत्राची घडी गुडघा आणि खोगीर यांच्या मध्ये ठेवायची. भाची ओढते. न फाटता निघाली तर बरोबर. सुरुवातीला सगळे तुकडे निघाले.

पकड सोडायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. उपयोगी पडलं ते असं: एक मांडी पूर्ण बाजूला उचलायची, खुब्यातून, दोन सेकंद धरायची आणि पडू द्यायची. मग दुसरी. मग मांडीचा मागचा मऊ भाग हाताने धरून मागे ओढायचा, म्हणजे मांडीची सपाट आतली बाजू खोगिराला लागते. त्यानंतर रिकीब. त्यात पायाच्या चवड्याचं वजन फक्त ठेवायचं, दाबायचं नाही. टाच आपोआप थोडी उतरते.

आणि श्वास. मी ट्रॉटच्या व्हिडिओत सबंध फेरीभर श्वास धरलेला दिसतो. आता "एक-दोन, एक-दोन" मोठ्याने म्हणत डोलतो. ट्रॉट दोन ठोक्यांचाच असतो, तिरके पाय जोडीने पडतात, त्यामुळे ताल बसतो. बोलताना श्वास धरता येत नाही.

१२ जानेवारी

मैदान बंद. उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण) जवळ आली की झाडा-तारांवर मांजा लोंबतो, घोडा आणि स्वार दोघांच्या गळ्याला धोका. सणानंतरही दोन-तीन दिवस सईस (घोड्यांची निगा ठेवणारे) मैदानभर फिरून मांजा गोळा करतात, मगच घोडे बाहेर काढतात. आम्हीही गेलो गोळा करायला.

या सुट्टीत खुब्याच्या पुढच्या स्नायूंकडे लक्ष दिलं. स्कूटरवर बसण्याची रीत बघा: खुबा काटकोनात, पाय पुढे सपाट, पाठ गोल. रोज तासभर हे, वर ऑफिसची खुर्ची. शरीर तेच उचलून घोड्यावर आणतं. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे, कंबर सरळ ठेवून खुबा पुढे ढकलायचा, अर्धा मिनिट, दोन्ही बाजू, सकाळ-संध्याकाळ. तीन-चार आठवडे फरक दिसत नाही. नंतर दिसतो.

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) संघाला सुवर्ण मिळालं, त्याच्या चित्रफिती भाचीने हळू गतीने लावल्या. डोकी स्थिर दिसतात. पण कंबरेवर नजर ठेवा, ती सतत हलते आहे. मी इतके दिवस स्थिर दिसण्यासाठी कंबर गोठवत होतो.

२ फेब्रुवारी

लाँजवर, म्हणजे लांब दोरीवर घोडी गोल फिरवत, रिकिबीविना, लगाम न धरता. दोरी दफेदारसाहेबांच्या हातात. वॉकला, म्हणजे साध्या चालीला, टाच खुब्याच्या ५ सेंमी पुढे, ट्रॉटला ९. पूर्वी मोजायचीही सोय नव्हती, कारण ट्रॉटला मी आयाळ धरायचो. साहेब म्हणाले, "आज घोड़ी ने मुँह नहीं उठाया." शाबासकी घोडीला मिळाली.

त्यांनी दुसरी गोष्ट सुनावली: तुम्ही तिला जड आहात. घरी येऊन हिशेब केला. घोडीच्या छातीचा घेर १६८ सेंमी, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी १५५. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे वजन सुमारे ३६८ किलो. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं, असा सर्वसाधारण नियम. इथे ती मर्यादा ७३-७४ किलो. मी एकटाच ७४, खोगीर-बूट-हेल्मेट धरून ८४. ही पट्टी पहिल्याच दिवशी लावायची गोष्ट होती.

घोडी भाचीला. मला मोठा घोडा मिळाला, रुंद. त्याची रुंदी २० सेंमी खोलीवर ४८ निघाली, म्हणजे लाकडी पाठ त्याच्या मापाची राहिली नाही. दोन्ही बाजूंना फोमच्या पट्ट्या चिकटवून ताडपत्री पुन्हा ताणली. ३५० रुपये आणि एक रविवार.

९ मार्च

खर्च. पिंपाचे ३००, प्लाय २,१००, पट्ट्या आणि स्क्रू ८५०, स्टँड वेल्डिंगसकट ३,४००, फोम-नमदा-ताडपत्री १,४५०, ट्यूबा आणि बफर ५२०, दोन काटे ६४०, नायलॉनचे पट्टे ३००, लोकर भरणं १,२००, नंतरचा फोम ३५०. एकूण ११,११०, खोगीर वेगळं. सोळा तासिकांची फी होते. खोगीर आणि रिकिबीचे पट्टे आधी तपासले असते तर निम्मं काम लाकडाशिवाय झालं असतं. गोटी आणि खिळा दोन्ही फुकट असतात. पकड सोडणं मात्र त्या डोलत्या पाठीशिवाय मला जमलं नसतं, कारण खऱ्या घोड्यावर भीती वाटली की मी आवळतोच.

आजची स्थिती: उभ्या घोड्यावर टाच ३ सेंमी पुढे, ट्रॉटला ५-६. डाव्या हाताचा, म्हणजे डावीकडे फिरतानाचा, कँटर (ट्रॉटपुढची वेगवान चाल) बसून निघतो. उजव्या हाताला डावी कूस कोसळते आणि मी बाहेरच्या बाजूला घसरतो. लाकडी घोड्यावर हे दिसतच नाही, कारण तो वळत नाही. भाचीचं म्हणणं, पाठीची एक बाजू तीनेक सेंमी उचलून बसून बघू. पुढच्या आठवड्यात डाव्या बाजूच्या बफरखाली ठोकळे घालणार आहे.

प्लायच्या बरगड्यांचे पुठ्ठ्याचे साचे ठेवले आहेत, बडोद्यातल्या कुणाला हवे असतील तर गिरवून न्यावेत. ते सडपातळ काठेवाडीचे आहेत. तुमचा घोडा रुंद असेल तर तार पुन्हा लावा, आणि त्याआधी छातीचा घेर मोजा.